चार बेटांच्या धावपळीपेक्षा एकटे त्रिनिदाद बरे

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: १८ विद्यार्थी, दोन शिक्षक, १२ दिवस. ट्रॅव्हल कंपनीने जमैका, बार्बाडोस, सेंट लुसिया आणि त्रिनिदाद अशी चार बेटांची सहल आखून दिली आहे. मुलांनी नुसते किनारे पाहून न येता कॅरिबियन संस्कृती अनुभवावी अशी मॅडमची इच्छा आहे. बेत बरा आहे का, कधी जावे, मुलांकडून काय करून घ्यावे? निम्मी मुले शाकाहारी आहेत आणि पालकांना सुरक्षिततेची धास्ती आहे.

मॅडम, विद्यार्थ्यांचे गट परदेशी नेण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून स्पष्टच सांगतो, हा बेत बदला. नकाशावर ही बेटे शेजारीशेजारी दिसतात, पण जमैकाचे किंग्स्टन आणि त्रिनिदादचे पोर्ट ऑफ स्पेन यांच्यात सुमारे १,८०० किलोमीटरचे अंतर आहे. बेटांमधली विमाने कमी, वेळा गैरसोयीच्या. बारातले चार दिवस विमानतळावर आणि सामान बांधण्या-सोडण्यात जातील. उरलेल्या दिवसांत प्रत्येक बेटावर हॉटेलच्या अंगणात तोच संध्याकाळचा कार्यक्रम होईल: थोडा लिंबो नाच, थोडे स्टीलबँड, एक ज्वाळा गिळणारा कलाकार. मुले टाळ्या वाजवतील, फोटो काढतील, आणि परत आल्यावर कोणता फोटो कुठल्या बेटावरचा हेही त्यांना सांगता येणार नाही.

एकच बेट घ्या, त्रिनिदाद. बारा दिवस तिथेच राहा. माझ्या लेखी याचे सर्वांत मोठे कारण असे की त्रिनिदादचा संसार तेल आणि नैसर्गिक वायूवर चालतो. शेजारच्या पुष्कळ बेटांसारखा तो पर्यटकांवर अवलंबून नाही. त्यामुळे तिथला कार्निव्हल हा नाचगाण्यांचा आणि मिरवणुकांचा उत्सव, वादन, सणवार हे तिथल्या लोकांनी स्वतःसाठी जपलेले आहेत. पाहुणा आला तर आनंद आहे, पण नाही आला म्हणून काही अडत नाही. विद्यार्थ्यांना संस्कृती भेटवायची तर अशीच जागा हवी. शिवाय पुणे जिल्ह्याच्या एकतृतीयांशाहूनही लहान असलेल्या या बेटावर आफ्रिकी, भारतीय, फ्रेंच, स्पॅनिश, चिनी, सिरियन-लेबनीज असे सगळे धागे आहेत. २०११ च्या त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाच्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के होते. दोघांपैकी कोणालाच 'अल्पसंख्य' म्हणता येत नाही, आणि तिथले संगीत, खाणे, राजकारण सगळे या वस्तुस्थितीभोवती फिरते.

आता बारा दिवस करायचे काय? मुलांच्या हातात स्टीलपॅनच्या, म्हणजे लोखंडी पिंपापासून घडवलेल्या तिथल्या वाद्याच्या, काठ्या द्या. बाकी सगळे त्याच्या अवतीभवती बसवा.

पण त्याआधी त्या वाद्याचा इतिहास मुलांना इथेच, पुण्यात, नीट सांगा. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी त्रिनिदादमध्ये कार्निव्हल आणला. गुलामांना त्यात स्थान नव्हते. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये त्यानंतरची सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्याच मालकाकडे राबणे, तीही संपली, आणि मुक्त झालेल्या माणसांनी मशाली, ढोल आणि लाठ्या घेऊन रस्ता ताब्यात घेतला. त्या मिरवणुकीला कानबुले म्हणतात. मळ्यातल्या उसाला आग लागली की गुलामांना रात्री-अपरात्री हाकून नेत, त्याची ती आठवण. १८८१ मध्ये पोलिसप्रमुख कॅप्टन बेकर यांनी ती मोडायचा प्रयत्न केला आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोठी दंगल झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत ढोलांवर कायद्याने निर्बंध आले. लोकांनी बांबूचे लहानमोठे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. बांबूही फुटत, भांडणांत हत्यारासारखे वापरले जात, तेव्हा १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, कचऱ्याचे डबे, मोटारीच्या ब्रेकचे ड्रम आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे तळ पडले, आणि तेलाचे बेट असल्याने ५५ गॅलनी पिंपांना तोटा नव्हता. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स अशा गरीब वस्त्यांतल्या तरुणांनी पिंपाचा तळ ठोकून ठोकून त्यातून पूर्ण सप्तक काढले. १९५१ मध्ये त्यांचा वाद्यवृंद लंडनच्या ब्रिटन महोत्सवात वाजला. ज्या ब्रिटिश सरकारच्या कायद्याने ढोल गप्प केले होते, त्याच्याच राजधानीत. १९९२ मध्ये हे वाद्य देशाचे राष्ट्रीय वाद्य झाले. हा क्रम माहीत नसलेल्या मुलाला पॅन म्हणजे एक गोड वाजणारे पिंप वाटते. माहीत असलेला मुलगा काठी वेगळ्या तऱ्हेने धरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पॅनयार्ड म्हणजे बँडचे आवार: वर पत्रा, बाजूने मोकळे, चाकांच्या मांडवांवर ओळीने लावलेली पॅन. पॅनोरमा ही स्टीलबँडची स्पर्धा १९६३ पासून कार्निव्हलच्या आधी होते. मोठ्या बँडमध्ये शंभर-सव्वाशे वादक असतात. दिवसा हीच माणसे बँकेत, शाळेत, गॅरेजमध्ये काम करतात, आणि रात्री आठच्या सुमारास जमू लागतात. बहुतेकांच्या समोर स्वरलिपीचा कागद नसतो. रचनाकार चार मात्रांचा एक तुकडा तोंडाने म्हणतो किंवा वाजवून दाखवतो. आधी एक विभाग तो उचलतो, मग दुसरा. चुकला की सगळे थांबतात, पुन्हा तिथूनच. असे तास-तास चालते. मध्ये इंजिन रूम, म्हणजे ढोल, काँगा आणि ब्रेक ड्रमचे लोखंड वाजवणारा ताफा, लय सोडत नाही. सुमारे आठ मिनिटांची गुंतागुंतीची रचना अशी तुकड्यातुकड्याने पाठ होते. गुरुमुखातून शिकणे म्हणजे काय ते आपल्या मुलांना माहीत आहे. शंभर जणांचे एकत्र असे शिकणे मात्र त्यांनी पाहिलेले नसते.

नुसते बाहेर उभे राहून ऐकवू नका. बऱ्याच पॅनयार्डांत दिवसा शिकवणी मिळते. एखाद्या लहान बँडशी दोन महिने आधी पत्रव्यवहार करा, रोज दुपारी दोन तास सलग आठ दिवस ठरवा, आणि त्याचे योग्य मानधन बँडलाच द्या, मधल्या दलालाला नव्हे. पहिल्या दिवशी सगळी मुले जोरात मारतात. शिकवणारा लगेच हात धरतो, कारण जोरात मारले की पत्र्यावरचा स्वर हलतो, आणि तो परत लावायला जाणकार ट्यूनर आणि त्याची हातोडी लागते. रबर गुंडाळलेल्या काठीने टेकवायचे आणि उचलायचे. टेनर पॅनवर, म्हणजे उंच स्वरांच्या पॅनवर, स्वर ओळीने नसतात. सा-चा शेजारी प, प-चा शेजारी रे, असे वर्तुळात बसवलेले असतात. हार्मोनियम येणाऱ्या मुलांचा पहिले दोन दिवस जास्त गोंधळ उडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोटांना वाट सापडते, आणि मग रात्री मोठ्या बँडचा सराव ऐकताना त्यांचे कान वेगळे झालेले असतात.

यात एक माणूस मुलांना आवर्जून सांगा: जित समरू. भारतीय वंशाचा, डोंगरातल्या गरीब घरातला हा रचनाकार. पोर्ट ऑफ स्पेनच्या रेनेगेड्स या आफ्रिकी वस्तीतल्या बँडला त्याने नऊ वेळा पॅनोरमा जिंकून दिली. त्रिनिदादमध्ये कोण कोणाचे, हे समजायला हे एक उदाहरण पुष्कळ आहे.

हे इतके आग्रहाने सांगायचे कारण म्हणजे भारतातून येणाऱ्या गटांची एक सवय. पहिल्या दोन दिवसांत मंदिर, पराठा, जुनी हिंदी गाणी दिसली की सगळा गट तिकडेच वळतो. 'आपली संस्कृती यांनी किती जपली!' हे वाक्य मग दिवसाला दहादा ऐकू येते. ते प्रेमानेच म्हटलेले असते, पण तिथल्या माणसाला ते खुपते, आणि खुपावेच. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज भारतातून सुमारे सव्वादोनशे मजुरांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. १९१७ पर्यंत करारावर आलेल्यांची संख्या सुमारे १ लाख ४३ हजार झाली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कलकत्त्याहून निघालेले. काही मद्रासहून. मराठी माणूस त्यांत शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. आपले त्यांच्याशी नाते गावाचे किंवा रक्ताचे नाही. त्यांच्या पाच-सहा पिढ्यांनी उसाच्या मळ्यांत, आफ्रिकी शेजाऱ्यांबरोबर, स्वतःचे काहीतरी घडवले आहे. ते पाहायला जायचे आहे. 'तुमचे आडनाव कोणते, जात कोणती, हिंदी येते का' हे प्रश्न मुलांनी विचारायचे नाहीत, हे मी निघण्याआधीच बजावतो.

कवी डेरेक वॉलकॉट मूळचे सेंट लुसियाचे, पण त्यांची बरीच वर्षे त्रिनिदादमध्ये गेली. १९९२ च्या नोबेल भाषणात त्यांनी फेलिसिटी गावच्या रामलीलेबद्दल सांगितले आहे. आपण तिच्याकडे नाटक म्हणून, हरवलेल्या देशाची सावली म्हणून पाहत होतो आणि तिथे चुकलो, असे त्यांनी मान्य केले. खेळणाऱ्या मुलांची त्यावर श्रद्धा होती, त्यांच्यासाठी तो उत्सव होता. हे भाषण सहज मिळते. जाण्याआधी वर्गात वाचून घ्या.

वॉटरलू गावचे समुद्रातले मंदिर जरूर दाखवा, पण त्याची गोष्ट सांगूनच. शिवदास साधू या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर मंदिर बांधले. जमीन साखर कंपनीची होती. मंदिर पाडले गेले, साधूंना १४ दिवस तुरुंग आणि दंड झाला. जमिनीवर बांधू देत नाहीत तर समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून ते सायकलवरून आणि बादल्यांनी दगड-माती वाहून उथळ पाण्यात भर घालत राहिले, पंचवीस वर्षे. आजची वास्तू १९९५ ची आहे. तिथून जवळच करारावर आलेल्या मजुरांच्या जीवनाचे लहानसे संग्रहालय आहे. त्याच परिसरात, कारापिचायमाला, दत्तात्रेय योग केंद्राची ८५ फुटी हनुमानमूर्ती आहे. दत्ताचे नाव पाहून आपल्या मुलांना आनंद होतो. फोटो काढू द्या, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका. तो वेळ नेल्सन बेटाला द्या. पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या या इवल्याशा बेटावर मजुरांना उतरवून, तपासून मळ्यांवर पाठवत. तिथल्या दगडी बराकीत मुले आपोआप गप्प होतात. नॅशनल ट्रस्टमार्फत बोट आधी ठरवावी लागते.

आणि सिपारिया गावचे कॅथलिक चर्च. तिथली ला दिविना पास्तोरा, म्हणजे मेंढपाळ माउली, हिंदूंसाठी सिपारी माई आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीपासून हिंदू कुटुंबे रांगा लावतात, तेल-तांदूळ वाहतात, लहानग्यांचे पहिले केस तिथे काढतात. गोव्यातल्या शिरगावकडची किंवा फातर्प्याची मुले तुमच्या गटात असतील तर त्यांना यात नवल वाटणार नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला हिंदूही तेल घालतात, हे ती लगेच सांगतील. अशा वेळी मी मुलांनाच बोलू देतो.

आता तुमच्या हातातला हुकुमाचा पत्ता: ढोल-ताशा. तुमच्या १८ जणांत पथकातली दोन-चार मुले तरी असणारच. त्रिनिदादमध्ये तासा वाजतो. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे, वाजवण्याआधी शेकोटीजवळ तापवून ताणलेले. एक कटर, म्हणजे पुढे धावणारा तासा, त्याला साथ देणारा दुसरा, एक मोठा बास ढोल आणि झांज. हिंदू लग्नात वाजतो, सेंट जेम्सच्या होसेत, म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीत, ताजियांपुढे वाजतो, आणि आता तो वाजवणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे तरुणही आहेत. एका संध्याकाळी तासा मंडळींबरोबर बैठक ठरवा. तुमच्या मुलांनी पथकातले आपले दोन ठेके वाजवून दाखवायचे, मग त्यांचे ऐकायचे, मग एकत्र. काहीतरी द्यायला घेऊन गेलेला गट आणि नुसता बघायला गेलेला गट, यांच्याशी यजमान वेगवेगळे वागतात. ताशाच्या काठ्या सामानात टाका, ताशे तिथे मिळतील.

क्रिकेटही असाच पूल आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला वेस्ट इंडिजमध्येच पहिल्यांदा हरवले, तो विजयी कसोटी सामना पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर झाला. सुनील गावसकरांचे पदार्पणही त्याच सामन्यात. मालिकेत त्यांच्या ७७४ धावा आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२. त्यावर लॉर्ड रिलेटर यांनी कॅलिप्सो, म्हणजे घडामोडींवरचे तिथले खुसखुशीत गाणे, रचून गायला. आपल्या संघाला हरवणाऱ्यावर गाणे करायचे आणि ते आवडीने गायचे, कॅलिप्सोचा स्वभाव समजायला याहून चांगली सुरुवात नाही. मग मुलांना कॅलिप्सो टेंटमध्ये, म्हणजे कॅलिप्सोच्या कार्यक्रमाला, न्या. मंत्र्यांची, महागाईची, शेजाऱ्यांची नाव घेऊन केलेली थट्टा त्यांना पहिल्यांदा कळणार नाही. त्या दिवसाचे वर्तमानपत्र सकाळीच वाचून घेतले असेल तर निम्मी कळेल.

जायचे कधी? खुद्द कार्निव्हलच्या दोन दिवसांत विद्यार्थी गट नेऊ नका, असे माझे मत. भाडी गगनाला भिडतात, रस्त्यावर १८ मुलांना एकत्र ठेवता येत नाही, आणि शिकवायला कोणाला उसंत नसते. त्याआधीचे तीन-चार आठवडे सोन्यासारखे. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो, तिथून मागे मोजा. त्या वर्षीच्या ईस्टरप्रमाणे जानेवारी किंवा फेब्रुवारी निघतो. हवा कोरडी असते. पॅनोरमाच्या प्राथमिक फेऱ्यांत परीक्षक स्वतः पॅनयार्डांत येतात आणि लोक त्यांच्या मागोमाग या आवारातून त्या आवारात फिरतात. मास कॅम्प नावाच्या कार्यशाळांत मिरवणुकीचे पोशाख तयार होत असतात. तार वाकवून पंख आणि मुखवटे घडवणारे जुने कारागीर आता कमी उरलेत, त्यांच्याजवळ एक सकाळ बसवा. मोको जंबी, म्हणजे उंच काठ्यांवर चालणारी पश्चिम आफ्रिकेतून आलेली कला, लहान काठ्यांवर मुलांनाही करून पाहता येते.

शाकाहारी मुलांची चिंता सोडा, कॅरिबियनमध्ये त्यांच्यासाठी याहून सोयीचा देश नाही. सकाळी रस्त्याच्या कडेला डबल्स खायचे. हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या 'बारा' नावाच्या पुऱ्या, त्यांच्यात रसदार छोले, वर काकडी, चिंचेची चटणी आणि तिखट. विक्रेता कागदावर एका झटक्यात बांधून देतो आणि विचारतो, तिखट किती? 'स्लाइट' म्हणायचे. आपल्या मिरचीची सवय असलेल्यांनीही पहिल्या दिवशी 'स्लाइट'च म्हणावे, तिथली मिरची फार जहाल असते. डालपुरी, भोपळा, आगीवर भाजलेल्या वांग्याचा चोखा मिळतो. मात्र दोन गोष्टी विचारून घ्या: हिरव्या पानांच्या कलालूत अनेकदा खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असते, आणि भाजीतही कधी खारा मासा घालतात. मॅकरोनी पायमध्ये अंडे असते.

सुरक्षिततेबद्दल पालकांना खरे ते सांगा. त्रिनिदादमध्ये, विशेषतः पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत, टोळ्यांची गुन्हेगारी गंभीर आहे, आणि अलीकडे सरकारने आणीबाणीही जाहीर केली होती. तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना निघण्याआधी आणि पोहोचल्यावर पाहा. मुक्काम सेंट ऑगस्टिनला, वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या आसपास ठेवा. तिथल्या कला विभागात पॅन आणि कार्निव्हलचा रीतसर अभ्यास चालतो, त्यांना आधीच लिहा. रात्रीच्या पॅनयार्डला ठरलेली गाडी, ओळखीचा स्थानिक यजमान, आणि गाडी दारातच उभी. लॅव्हेंटिलसारख्या वस्तीत, जिथे पॅनचा जन्म झाला, तिथे बँडच्या माणसांनी बोलावले आणि सोबत आले तरच जा. लष्करी नक्षीचे, हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे तिथे नागरिकांना कायद्याने मना आहेत. एकाही बॅगेत अशी पँट किंवा टोपी नको, हे स्वतः तपासा.

शेवटी कागदपत्रे, कारण सहली इथेच अडतात. तिथल्या प्रवेशाचे नियम दिल्लीतल्या त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी घ्या. विमान अमेरिकेत बदलणार असेल तर नुसत्या बदलासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि २० जणांच्या मुलाखतीच्या तारखा मिळायला महिने जातात. म्हणून मार्ग आधी ठरवा. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. त्रिनिदाद भारताच्या पीतज्वर-यादीत आहे, त्यामुळे प्रमाणपत्र नसेल तर परतताना मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. पालकांच्या पहिल्याच सभेत ही चौकशी करा, तिकिटे त्यानंतर काढा.